पाटे की कॉइल : पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलवरचा वाद

रिकाम्या पिकअपच्या मागच्या स्प्रिंगांवर साधारण ६०० किलो भार आहे असे धरू. हौद्यात माल भरला की तोच भार १,८०० किलो होतो. प्रवासी मोटारीत माणसे आणि सामान खच्चून भरले, तरी मागचा भार क्वचितच दुप्पट होतो. इथे तो तिप्पट झाला. एकाच स्प्रिंगने ही दोन्ही टोके सांभाळायची, हा पिकअपच्या सस्पेन्शनचा मूळ पेच आहे. तो सोडवण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एक पोलादी पाट्यांची, दुसरी कॉइल स्प्रिंगची. पुढील संवादात पहिलीचा कैवार घेणारा तो पाटेवाला आणि दुसरीचा तो स्प्रिंगवाला.

पाटेवाला : मागचा अ‍ॅक्सल कशाने धरून ठेवला आहे, हे गाडीखाली वाकून पाहिले की लगेच दिसते. दोन बाजूंना पाट्यांचे दोन संच, बस्स. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोके गोल वळवलेली असतात आणि त्या वेढ्यांत बुश बसतात. पुढचे टोक पिनेने चासीला पक्के जोडलेले असते. मागचे टोक शॅकलला टांगलेले असते, कारण भार आला की कमान सपाट होते आणि पाट्याची दोन टोके एकमेकांपासून लांब जातात. शॅकल झुलते आणि ती वाढ सामावून घेते. मेन पाट्याखाली उतरत्या लांबीचे बाकीचे पाटे. ही उतरण काटकसरीची आहे : वाकवणारा जोर मधोमध सर्वाधिक आणि टोकांकडे कमी होत जाणारा, म्हणून पोलादही मधेच जास्त लागते. मग एकच जाड पट्टी का नाही? कारण सारखेच वाकवले तर जाड पट्टीच्या पृष्ठभागावर जास्त ताण येतो. दुप्पट जाडीला दुप्पट ताण. पातळ पाटे एकावर एक रचले की प्रत्येकाला न चिरता वाकता येते आणि भार सगळे मिळून उचलतात. सेंटर बोल्ट सगळ्यांना ओवून धरतो, त्याचे डोके अ‍ॅक्सलवरच्या भोकात बसते, आणि यू-बोल्ट अख्खा संच अ‍ॅक्सलला आवळतात. आता यांची कामे मोजावीत. भार पाटे उचलतात. अ‍ॅक्सल पुढे-मागे किंवा आडवा सरकू नये, हेही तेच पाहतात. चाके गाडीला पुढे ढकलतात तो जोर मेन पाट्याच्या पुढच्या पिनेतून चासीत जातो, ब्रेकचा हिसकाही तिथूनच. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे उसळी थोडीफार आपोआप मरते. चार कामे, एकच जिन्नस, आणि दोन्ही बाजू मिळून अवघे सहा बुश.

स्प्रिंगवाला : त्यातले चौथे काम गुणांत धरणे बरोबर नाही. पाट्यांमधल्या घर्षणाला धक्का लहान की मोठा हे कळत नाही. बारीक खडीवर जोर इतका कमी असतो की पाटे एकमेकांवरून सरकतच नाहीत. संच जणू एकसंध पोलादाचा ठोकळा होतो आणि धक्का फक्त टायर सोसतो. पाट्यांत गंज आणि माती शिरली की हा हट्ट वाढतो. तिसऱ्या कामाचीही तीच गत. चढावर जोर दिला की अ‍ॅक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो आणि मऊ पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा मुरडतो. मुरड सुटली की चाक आपटते, पुन्हा मुरडते, पुन्हा आपटते. हे टाळायला पाटा ताठ करावा, तर रिकामी गाडी उडते. कॉइल स्प्रिंग या कचाट्यातून सुटते, कारण तिला एकच काम येते : उभा भार उचलणे. अ‍ॅक्सलला जागेवर धरणे तिला जमत नाही, म्हणून ते काम दांड्यांना दिलेले असते. खाली दोन आर्म, वर दोन आर्म, आणि अ‍ॅक्सल आडवा सरकू नये म्हणून एक तिरपा पॅनहार्ड रॉड. उसळी जिरवायला शॉकअप. कामे वेगळी केली की स्प्रिंग हवी तितकी मऊ आणि आर्म हवे तितके ताठ करता येतात. एकाच्या दुरुस्तीत दुसरे बिघडत नाही. आणि हे काही नवे खूळ नव्हे. कारखान्यातून तयार होऊन आलेला फोर्डचा पहिला पिकअप १९२५ चा, मॉडेल टी गाडीवर बेतलेला. त्याला पाटाच होता, पण आडवा, आणि तो मुख्यतः भार उचलत असे. अ‍ॅक्सलला पुढे-मागे धरायला वेगळे रॉड होते. म्हणजे अ‍ॅक्सल सांभाळण्याचे काम पाट्यानेच करावे, असा नियम पहिल्यापासून नव्हताच. १९६० मध्ये शेवरलेने सी-१० पिकअपला मागे लांब आर्म आणि कॉइल स्प्रिंग दिल्या.

पाटेवाला : आणि १९७३ च्या नव्या मॉडेलात त्याच शेवरलेने मागे पुन्हा पाटे बसवले. बारा-तेरा वर्षांचा अनुभव गाठीशी असताना. यामागे हट्ट नव्हता, हिशेब होता. पाच दांड्या म्हणजे दहा टोके आणि दहा बुश, सहाच्या जागी. प्रत्येक बुश झिजणार, प्रत्येकाला चासीवर वेगळा ब्रॅकेट लागणार. दुसरे, कॉइल स्प्रिंग आपला सगळा भार चासीच्या एका ठिकाणी टेकवते, अगदी अ‍ॅक्सलच्या माथ्यावर. पाटा तोच भार एकमेकांपासून लांब असलेल्या दोन ठिकाणी वाटतो. वर माल लादलेला असताना चासीला वाटून आलेला भार सोपा जातो. तिसरे, पाटा तुटला तर गाडी लंगडत का होईना घरी येते, कारण एक पाटा गेला तरी बाकीचे उरतात. पॅनहार्ड रॉडचा बोल्ट निघाला तर अ‍ॅक्सल आडवा हलू लागतो. आणि अलीकडचा दाखला हवा असेल तर रॅमचा घ्यावा. या कंपनीने २००९ मध्ये आपल्या १५०० पिकअपला मागे कॉइल दिली, २०१४ मध्ये २५०० लाही दिली. पण सर्वांत जास्त वजन उचलणाऱ्या ३५०० ला पाटेच ठेवले.

इतिहासातून दोघेही सोयीचे तेवढे उचलत आहेत. शेवरलेनेही १९६० च्या दशकात कॉइल सरसकट दिली नव्हती. एक टनी सी-३० ला मागे पाटेच होते. म्हणजे अर्धशतकाच्या अंतराने दोन कंपन्यांनी रेघ जवळपास एकाच जागी ओढली, एक टनी वर्गाच्या उंबरठ्यावर. ती तिथेच का पडते, हा या वादातला खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पाटे किंवा कॉइल यांच्या आकारात सापडत नाही.

स्प्रिंगवाला : ते उत्तर गणितात आहे. स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये छापला : जितका जोर, तितके दबणे. दुप्पट भाराला दुप्पट. तिप्पट भार झाला तर स्प्रिंग तिप्पट दबणार, मग ती पाट्यांची असो वा कॉइलची. आता असे धरू, की भरलेल्या गाडीत स्प्रिंग १५ सेंटिमीटर दबते. त्या स्थितीत गाडी सेकंदाला साधारण १.३ वेळा झुलते. माणसाच्या शरीराला हे झुलणे सुसह्य असते. तीच गाडी रिकामी असताना स्प्रिंग फक्त ५ सेंटिमीटर दबलेली असते आणि झुलण्याचा वेग सेकंदाला २.२ पर्यंत चढतो. रिकामा पिकअप उडतो म्हणतात तो हा आकडा. उलट बाजूने जावे, तर रिकाम्या गाडीला १.३ मिळण्यासाठी स्प्रिंग रिकामी असतानाच १५ सेंटिमीटर दबलेली हवी. मग माल भरल्यावर ती ४५ सेंटिमीटर दबेल. त्या ३० सेंटिमीटरच्या फरकाला गाडीखाली जागाच नाही. पाटेवाल्यांचा जुना समज असा, की पाटा भार उचलायला जन्मला आणि कॉइल आरामाला. पण कॉइलची तार १२ मिलिमीटरची १३ केली, बाकी काही न बदलता, तरी ती सुमारे ३८ टक्के ताठ होते, कारण ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. भार उचलणारी कॉइल बनवणे अवघड नाही. अवघड आहे ते रिकाम्या आणि भरलेल्या गाडीला एकच स्प्रिंग पुरवणे, आणि तिथे दोघेही सारखेच हतबल आहेत.

पाटेवाला : सारखेच नाहीत. पाट्यांनी यावर तोड काढलेली आहे, तीही फार जुनी. मुख्य संचाच्या खाली किंवा वर एक जाड, जवळजवळ सपाट हेल्पर पाटा असतो. रिकाम्या गाडीत तो नुसताच असतो, टोकांना कशालाही टेकत नाही. माल चढू लागला, कमान उतरली, की तो टेकतो आणि संच एकदम ताठ होतो. जाडीचा परिणाम तिसऱ्या घाताने होतो : ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरचा पाटा सुमारे दुप्पट ताठ. म्हणून एकच हेल्पर पुरतो. हूकच्या नियमाला बगल न देता दोन वेगळ्या स्प्रिंगा एका बोल्टात ओवलेल्या आहेत आणि भार स्वतःच ठरवतो कोणती कामाला लावायची. शिवाय पुढचा अर्धा भाग आखूड आणि मागचा लांब ठेवला की मुरडण्याची तक्रारही बरीच कमी होते.

स्प्रिंगवाला : दोन टप्प्यांची युक्ती मान्य. पण ती पाट्यांचीच मक्तेदारी नाही. कॉइलचे वेढे काही ठिकाणी जवळ, काही ठिकाणी दूर ठेवले की जवळचे वेढे आधी मिटतात आणि उरलेली स्प्रिंग ताठ होत जाते. रबरी बंप स्टॉपही नुसता शेवटचा धक्का झेलण्यापुरता न ठेवता लांब आणि मऊ केला, तर तोच दुसरी स्प्रिंग होतो. आणि हवेची स्प्रिंग तर पेचच मोडून काढते : माल वाढला की कॉम्प्रेसर दाब वाढवतो, उंची तीच राहते, झुलण्याचा वेगही फारसा बदलत नाही. रॅम १५०० ला २०१३ पासून हवेवरचे सस्पेन्शन पर्याय म्हणून मिळू लागले. टोयोटाने २०२२ च्या टुंड्रात मागचे पाटे काढून कॉइल दिली. दिशा स्पष्ट आहे.

पाटेवाला : दिशा अमेरिकेची आहे. हवेची पिशवी, कॉम्प्रेसर, उंची मोजणारे सेन्सर, व्हॉल्व्ह यांतला एक भाग रुसला की भरलेली गाडी बसते, आणि तालुक्याच्या गावी तिचा सुटा भाग मिळत नाही. पाटा बसला तर पाट्यांच्या कारागिराकडे नेऊन त्याची कमान पुन्हा ठोकून घेता येते. ती दुरुस्ती नव्या पाट्याच्या तोडीची नसते, हे खरे. पण गाडी दुसऱ्या दिवशी बाजारात उभी असते.

पुढच्या चाकांकडे आल्यावर वाद थंडावतो. पुढे इंजिनाचे वजन कायम असते, माल चढला तरी तिथला भार फारसा बदलत नाही, म्हणून तिप्पट भाराचा पेचच उरत नाही. २००५ मध्ये आलेल्या टाटा एससारख्या छोट्या मालवाहू गाड्यांनी पुढेही सलग अ‍ॅक्सल आणि पाटे ठेवले, पण इसुझू डी-मॅक्स किंवा टोयोटा हायलक्स यांसारख्या पिकअपमध्ये प्रत्येक चाक स्वतंत्र असते : वर एक विशबोन, खाली एक, दोहोंच्या टोकांना बॉल जॉइंट, त्यांच्यामध्ये चाकाचा नकल, आणि खालच्या आर्मवर टेकलेली कॉइल. वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारा अँटी-रोल बार. खालच्या बॉल जॉइंटवर गाडीचा भार असल्याने तो आधी झिजतो, आणि चाक हवेत उचलूनही त्याची ढिलाई कधीकधी हाताला लागत नाही. जॅक चासीखाली न लावता खालच्या आर्मखाली लावला, तरच स्प्रिंगचा दाब सुटून खेळ जाणवतो.

काही पिकअपमध्ये कॉइलच्या जागी टॉर्शन बार असतो : खालच्या आर्मपासून मागे चासीपर्यंत गेलेली लांब सळई. चाक उचलले की ती पिळली जाते आणि पीळ उलगडू पाहते, तीच स्प्रिंग. तिच्या मागच्या टोकाला एक समायोजनाचा बोल्ट असतो आणि त्याच्याभोवती एक घट्ट गैरसमज आहे, की तो आवळला की सस्पेन्शन कडक होते. कडकपणा सळईची जाडी, लांबी आणि पोलाद ठरवतात. बोल्टाने तिन्हींपैकी काहीच बदलत नाही. वाढते ती फक्त गाडीची उंची, आणि तेवढीच चाकाची खाली जाण्याची जागा कमी होते. शॉकअपबाबतही असाच घोळ होतो. गाडी मागे बसली म्हणून शॉकअप बदलणारे कमी नाहीत. बहुतेक शॉकअप भार उचलत नाहीत. ते तेल बारीक छिद्रांतून ढकलून हालचालीची उष्णता करतात. बसलेल्या गाडीचा दोष पाट्यांत, कॉइलमध्ये किंवा टॉर्शन बारमध्ये शोधायचा.

शॉकअपचा विषय निघाला आणि वाद पुन्हा मागच्या अ‍ॅक्सलवर आला.

स्प्रिंगवाला : पाटे स्वतःच उसळी जिरवत असते, तर पाट्यांच्या पिकअपला शॉकअप लागलेच नसते. लागतात, आणि पुष्कळ पिकअपमध्ये एका बाजूचा शॉकअप अ‍ॅक्सलच्या पुढे आणि दुसऱ्या बाजूचा मागे झुकवून बसवतात, तो पाट्यांचे मुरडणे आवरण्यासाठीच. पाट्यांच्या दोषावर शॉकअपने पांघरूण घालायचे. आणि पाटे बनवणाऱ्यांनीही घर्षणाला सोडचिठ्ठी द्यायला सुरुवात केली आहे. पॅराबोलिक पाटा म्हणजे दुसरे काय? मधे जाड आणि टोकांकडे निमुळता लाटलेला, असे दोन-तीनच पाटे, एकमेकांना फक्त मध्यभागी आणि टोकांशी टेकणारे. वजन कमी, घर्षण जवळपास नाही, चाल मऊ. तो पाट्याच्या वेषातला कॉइलचाच विचार आहे.

पाटेवाला : वेष नव्हे, वंश. पॅराबोलिक पाटाही अ‍ॅक्सलला जागेवर धरतो, पाच दांड्या मागत नाही. घर्षणाचे काम शॉकअपकडे गेले, हे मान्य. चारातली तीन कामे राहिली.

ही कबुली छोटी वाटते, पण वाद इथून बदलतो. उसळी जिरवणे हे पाट्याने करायचे काम नव्हते हे एकदा मान्य झाले, की उरलेली तीन कामेही एकाच जिनसाकडे का, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पाटेवाल्यावर येते. तो ती भार आणि व्यवहार यांच्या जोरावर पेलू पाहतो, आणि नेमकी तिथेच त्याची बाजू सर्वांत भक्कम आणि सर्वांत धोक्याचीही आहे.

पाटेवाला : जो माणूस कांद्याच्या गोण्या लादतो, त्याला एक सोय फक्त पाटाच देतो : संचात एक पाटा वाढवता येतो. गाडी बसत असेल, तर कमानीला जुळणारा एक पाटा घातला, सेंटर बोल्ट लांब घेतला, नवे यू-बोल्ट आवळले, थोड्या धावेनंतर पुन्हा आवळले, काम झाले.

स्प्रिंगवाला : काम नव्हे, घात. गाडीची क्षमता पाट्यांनी ठरत नाही. टायर, अ‍ॅक्सलचे बेअरिंग, चासी, ब्रेक यांतला जो सर्वांत कमजोर, तो ती ठरवतो. पाटा वाढवला की यांतले काहीच वाढत नाही. नाहीशी होते ती फक्त गाडी बसल्याची खूण. आणि ब्रेकचे तर उलटेच होते. पुष्कळ पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या नळीवर भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली असते. चासी आणि अ‍ॅक्सल यांच्यातले अंतर कमी झाले की तो गाडी भरलेली समजतो आणि मागच्या चाकांना जास्त दाब सोडतो. अंतर जास्त असले की गाडी रिकामी धरून दाब तोडतो, नाहीतर हलकी चाके जाम होऊन घसरतील. आता वाढीव पाट्याने भरलेली गाडीही उंच उभी राहिली. व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो. म्हणजे ज्या दिवशी मागचे ब्रेक सर्वांत जास्त हवेत, त्याच दिवशी ते कमी मिळतात.

पाटेवाला : हा आक्षेप पाट्यावर नसून लादणाऱ्यावर आहे. त्यासाठी कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये. पाट्याच्या जागी कॉइल आली म्हणून कोणी कमी लादणार नाही. तो कॉइलमध्ये रबरी ठोकळे घालील, जे आजही घातले जातात, आणि त्या व्हॉल्व्हचा तसाच गोंधळ होईल.

स्प्रिंगवाला : होईल. पण पाट्याचा सोशिकपणा हा गुण म्हणून मांडला, तर त्याची किंमतही मांडावी लागते. जो भाग जादा भार तक्रार न करता उचलतो, तो तक्रार दुसऱ्या भागांवर ढकलतो. कॉइलची गाडी लवकर बसते, बंप स्टॉपवर आदळते, चालकाला लगेच कळते. बेअरिंग तापले आहे हे त्याला कळत नाही.

पाटेवाला : आणि लवकर बसणारी गाडी तो विकत घेत नाही.

इथे दोघांपैकी कोणाकडेच निर्णायक उत्तर नाही, पण प्रश्नाला धार आली आहे. पाटे बरे की कॉइल बरी, हा तो प्रश्न राहिला नाही. गाडी आपल्या आयुष्यातले किती किलोमीटर भरून चालते आणि किती रिकामी, हा आहे. सकाळी भाजी घेऊन बाजारात गेलेला पिकअप परतीच्या वाटेवर बहुधा रिकामाच असतो, म्हणजे अंतराच्या हिशेबाने त्याचा अर्धा प्रवास स्प्रिंगांना नको त्या स्थितीत होतो. स्प्रिंगवाला म्हणतो, हाच अर्धा प्रवास चालकाच्या पाठीवर आणि चाकांच्या पकडीवर वसूल होतो, आणि त्याची नोंद कुठल्याच हिशेबाच्या वहीत नसते. पाटेवाला म्हणतो, उरलेल्या अर्ध्या प्रवासाची नोंद असते, कारण भाडे त्याचेच मिळते. गाडी त्याच्यासाठीच घेतलेली आहे. टोयोटाने २०२४ च्या टॅकोमात बहुतेक प्रकारांना मागे कॉइल दिली आणि काही खालच्या, स्वस्त प्रकारांना पाटे ठेवले. स्प्रिंगवाल्याच्या मते पाटे तिथे केवळ किमतीमुळे उरले. पाटेवाल्याच्या मते स्वस्त प्रकार घेणाराच गाडीत माल भरतो. एकाच गाडीच्या किंमतपत्रकातून दोघांनी आपापला पुरावा काढला आहे.